तलवार, सनद आणि महाकाल

धारहून पश्चिमेस अमझेऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर तिरला हे गाव लागते. मराठ्यांच्या माळव्यातील प्रवेशाची कथा ज्यांनी वाचली असेल त्यांस हे नाव परिचयाचे आहे. सर जॉन माल्कम याने १८२३ साली मध्य हिंदुस्थानाविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मोगलांच्या बाजूचा माळव्यातील अधिकारी दया बहादूर तिरल्याच्या लढाईत मराठ्यांकडून मारला गेला, असे त्याने लिहिले. पुढे दीर्घकाळ ग्रंथाग्रंथांतून तीच हकीकत चालत आली, आणि १७३१ चा ऑक्टोबर महिना हा त्या लढाईचा काळ म्हणून सांगितला जाऊ लागला. मग १९३० ते १९३४ या वर्षांत रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागद छापून निघाले, आणि हे चित्र पालटले. चिमाजी आप्पाच्या फौजेने २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्यास मोगल फौजेचा मोड केला, आणि सुभेदार गिरधर बहादूर व त्याचा चुलतभाऊ दया बहादूर हे दोघेही त्याच लढाईत पडले, हे समकालीन पत्रांवरून दिसून आले. तीन वर्षे आधी मेलेला माणूस तिरल्यास पुन्हा मरू शकत नाही. शंभर वर्षे रूढ झालेली कथा दप्तरातल्या चार कागदांनी खाली बसवली.

कायद्याच्या धंद्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला या गोष्टीचे फारसे नवल वाटत नाही. तलवारीने घडलेल्या गोष्टीचाही अखेरचा निवाडा कागदावर होतो, हे त्याच्या नित्याच्या अनुभवाचे आहे. पण हे तत्त्व केवळ इतिहासकाराला लागू आहे असे नाही. ज्यांनी तलवार चालविली त्यांनाही ते ठाऊक होते. याचे एक उत्तम उदाहरण याच माळव्याच्या इतिहासात सापडते. मराठ्यांच्या आगमनापूर्वी सुमारे पाचशे वर्षे, उत्तरेकडून एक तुर्क सुलतान माळव्यात उतरला आणि उज्जैनीच्या महाकालाचे मंदिर त्याने पाडले. त्याचे नाव शम्सुद्दीन अल्तमश. हल्लीचे अभ्यासक ते इल्तुत्मिश असे लिहितात. मराठी वाचकांच्या कानांस सवयीचे असलेले रूपच येथे ठेवले आहे. या सुलतानाचे चरित्र, त्याची उज्जैनीवरील स्वारी, आणि ते मंदिर ज्याच्या हातून पुन्हा उभे राहिले त्या सारस्वत दिवाणाची कामगिरी, या तीन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अल्तमश हा जन्माने इल्बारी टोळीचा तुर्क. बाप टोळीचा प्रमुख, घर भरलेले; पण मुलगा रूपाने व बुद्धीने उजवा निघाला म्हणून भावांच्या पोटात दुखू लागले. घोडे दाखविण्याच्या मिषाने त्यांनी त्याला बाहेर नेले आणि एका व्यापाऱ्यास विकून टाकले. बुखाऱ्यास, मग गझनीस असा तो हातोहात फिरला. गझनीस त्याच्या किमतीवरून सौदा फिसकटला, तेव्हा महंमद घोरीने चिडून, त्याला तेथे कोणी विकत घेऊ नये असा हुकूम काढला. अखेर घोरीच्या परवानगीने कुतुबुद्दीन ऐबक याने दिल्लीस त्याला व आणखी एका गुलामाला मिळून एक लाख जितलांस खरेदी केले. ऐबक स्वतःही विकत घेतलेलाच गुलाम होता. पुढे ग्वाल्हेर, बरन, बदाऊन अशी ठाणी सांभाळीत अल्तमश वर चढला. खोखरांविरुद्धच्या मोहिमेत त्याचे शौर्य पाहून घोरीने त्याला दास्यातून मुक्त करण्याची आज्ञा ऐबकाला दिली, आणि तसे मुक्तिपत्र लिहून देण्यात आले. ऐबकाच्या मृत्यूनंतर आरामशाहाला बाजूस सारून १२११ च्या सुमारास अल्तमश दिल्लीच्या तख्तावर बसला.

येथे इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने सुमारे शंभर वर्षांनी दिल्लीत ऐकलेली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अल्तमश तख्तावर बसताच शहरातील धर्मशास्त्री काझींच्या नेतृत्वाखाली त्याच्यापुढे येऊन बसले. तोंडाने कोणी काही बोलेना, पण मनातला प्रश्न उघड होता. जो स्वतः दुसऱ्याच्या मालकीचा, तो राज्याचा मालक कसा होणार? इस्लामी कायद्याप्रमाणे गुलामास राज्य करता येत नाही. सुलतानाने तो प्रश्न ओळखला, बसल्या जागेच्या गालिच्याची कड उचलली आणि खालून आपले मुक्तिपत्र काढून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते वाचले, आणि मग त्याच्या आज्ञेत राहण्याची शपथ घेतली. शंभर वर्षांनंतरची ही ऐकीव कथा तंतोतंत तशीच घडली असेल असा आग्रह धरण्याचे कारण नाही. परंतु दिल्लीच्या लोकांना ती सांगाविशी वाटली, यालाच महत्त्व आहे. ज्याच्यापाशी फौज होती, राजधानी होती, खजिना होता, त्यालाही अखेर एका कागदाचा आधार घ्यावा लागला, असे त्या लोकांनी जाणले होते.

अल्तमशचा काळ म्हणजे पश्चिम आशियातील क्रूसयुद्धांचा काळ. येशू ख्रिस्ताचे जन्म-मरण ज्या भूमीत झाले ती मुसलमान राजांच्या हातून सोडवावी, म्हणून युरोपातील ख्रिस्ती राजे व सरदार १०९६ पासून पुढे जवळजवळ दोनशे वर्षे वारंवार चाल करून जात होते. त्यांच्याशी लढणाऱ्या राज्यकर्त्यांत इमादुद्दीन झंगी, त्याचा पुत्र नूरुद्दीन, आणि पुढे इजिप्तचा बैबर्स असे तुर्क लष्करी पुरुष आघाडीवर होते. सलाहुद्दीन हा कुर्द खरा, पण तोही झंगीच्याच घराण्याच्या चाकरीतून वर आला. हे सारे राजे एका विशिष्ट लष्करी व्यवस्थेतून निपजले. तुर्क मुलगे लहानपणी विकत घ्यावयाचे, त्यांस घोडा व धनुष्य शिकवावयाचे, त्यांना कुळ नाही, गाव नाही, वतन नाही, तेव्हा निष्ठा फक्त धन्याशी, अशी ती व्यवस्था होती. तिने उत्तम सेनापती निर्माण केले. परंतु धनी मेला की त्या निष्ठेस ठिकाण उरत नसे, आणि प्रत्येक समर्थ गुलाम धन्याच्या गादीकडे पाहू लागे. दिल्ली आणि कैरो या दोन्ही नगरांचा तेराव्या शतकातील इतिहास बव्हंशी याच व्यवस्थेचा इतिहास आहे.

या दोन जगांचा संबंध केवळ साम्याचा नव्हता. चेंगीझखानाने ख्वारिझमचे राज्य धुळीस मिळविले, तेव्हा तेथील शहाजादा जलालुद्दीन १२२१ साली सिंधू ओलांडून पळून आला आणि त्याने अल्तमशकडे आश्रय मागितला. अल्तमशने गोड शब्दांत नकार दिला. मोंगलांचा रोष दिल्लीवर ओढवून घेण्यास तो तयार नव्हता. जलालुद्दीन परत पश्चिमेस गेला आणि १२३१ साली मारला गेला. त्याच्या फौजेचे उरलेसुरले तांडे भाडोत्री शिपाई म्हणून हिंडत राहिले, आणि १२४४ साली त्यांनीच जेरुसलेम ख्रिस्त्यांच्या हातून घेतले. दिल्लीच्या दारातून परत फिरविलेल्या माणसाचे सैन्य तेवीस वर्षांनी जेरुसलेमच्या इतिहासात जाऊन उभे राहिले.

१२२९ चा फेब्रुवारी महिना तर मुद्दाम लक्षात ठेवावा. त्या महिन्यात बगदादच्या खलिफाचे वकील दिल्लीस आले आणि त्यांनी अल्तमशला खिलत व राज्याधिकाराचे पत्र दिले. शहर शृंगारले गेले, उत्सव झाला. अठरा वर्षे राज्य केल्यावर सुलतानाला आपल्या राज्याचे मान्यतापत्र मिळाले. त्याच महिन्यात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने इजिप्तचा सुलतान अल्कामिल याच्याशी तह करून, लढाई न करता, जेरुसलेम मिळविले. तेथील हरम म्हणजे मुसलमानांची पवित्र स्थाने मात्र तहान्वये त्यांच्याकडेच राहिली. दोन्ही धर्मांतील कडव्या लोकांनी आपापल्या राजांस दोष दिला. पण पाहावे तर असे, की पिढ्यान्‌पिढ्या तलवारीने न सुटलेली गाठ त्या तहाच्या कागदाने काही वर्षे तरी सोडविली होती. पुढे १२५८ साली मोंगलांनी बगदादच्या खलिफाला ठार केले. १२६० साली इजिप्तच्या तख्तावर बसलेला बैबर्स हाही किपचाक तुर्क, लहानपणी विकला गेलेला, धन्याच्या वधाने सुलतान झालेला. त्याने १२६१ साली कैरोस नवा खलिफा प्रतिष्ठापिला आणि त्याच्या हातून स्वतः राज्याधिकार घेतला. ज्या बैबर्सने १२६८ साली अँटिऑक घेतले त्यालाही सनदेवाचून चैन पडली नाही.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. बंगाल आणि सिंध आटोपल्यावर अल्तमशने ग्वाल्हेरचा किल्ला अकरा महिने वेढून १२३२ च्या अखेरीस घेतला. त्यानंतर १२३४-३५ साली तो माळव्यात आला. त्या वेळी माळव्याच्या गादीवर परमार राजा देवपाल होता. स्वारीची मुख्य हकीकत देणारा साक्षीदार एकच, मिन्हाज-इ-सिराज. 'तबकात-इ-नासिरी' हा त्याचा ग्रंथ. त्यात तो सांगतो की सुलतानाने भिलसा घेतले. तेथील मंदिर बांधण्यास तीनशे वर्षे लागली होती आणि ते शंभर गजांच्या आसपास उंच होते, ते पाडले. तेथून तो उज्जैनीस गेला, महाकालाचे देवालय पाडले, आणि विक्रमादित्याची मूर्ती, पितळी ओतीव अशा आणखी काही मूर्ती व महाकालाची शिळा दिल्लीस नेली.

या साक्षीची उलटतपासणी केली पाहिजे. प्रथम साक्षीदार कोण? मिन्हाज हा स्वतः काझी, म्हणजे न्यायाधीश. ग्वाल्हेरच्या वेढ्यात तो छावणीत धर्मोपदेश करीत होता. किल्ला पडल्यावर त्यास तेथील काझी नेमले गेले, आणि १२३८ पर्यंत तो तेथेच होता. अर्थात उज्जैनीची गोष्ट त्याने डोळ्यांनी पाहिलेली नव्हे. ती समकालीन, जाणत्या माणसाची, पण ऐकीव साक्ष आहे. दुसरे, त्याने ग्रंथ पूर्ण केला तो १२६० साली, अल्तमशच्याच वंशातील नासिरुद्दीन महमूद याच्या आश्रयाखाली. धन्याच्या कुळाचे यश वाढवून सांगण्याची प्रवृत्ती त्याच्यात असणारच. तिसरे, ग्रंथातच एक खूण उमटलेली आहे. विक्रमापासून आजवर १३१६ वर्षे झाली आणि हिंदूंचा शक त्याच्यापासून चालतो, असे तो म्हणतो. स्वारीच्या वर्षी विक्रम संवत् १२९१-९२ चालू होता. १३१६ हा आकडा १२५९-६० सालाशी, म्हणजे तो लिहीत बसला होता त्या वर्षाशी जुळतो. तेव्हा हा मजकूर छावणीतील टिपणावरून उतरलेला नाही. पंचवीस वर्षांनी दिल्लीत बसून, तेथे चालू असलेल्या संवताचा आकडा घेऊन तो लिहिला गेला. यात दुसरीही एक गोष्ट नकळत दिसते. मूर्ती नेली, देवालय पाडले, तरी दिल्लीच्या काझीच्या लेखणीत विक्रमाचा संवत् चालूच होता.

इतके सर्व वजा करूनही मुख्य गोष्ट शिल्लक राहते. मंदिर पाडल्याचे विजेत्याच्या बाजूचा माणूस अभिमानाने सांगतो. आपल्या पक्षाविरुद्ध जाईल अशी कबुली न्यायालयात वजनदार मानतात. येथे सांगणाऱ्याला ती कबुली वाटलीच नाही, एवढाच फरक. मंदिर पडले, यात शंका घेण्यास जागा नाही. शंका घ्यावयाची ती पुढे वाढत गेलेल्या तपशिलांविषयी. सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुरास बसून फिरिश्ताने आपला इतिहास लिहिला. त्यात तीनशे वर्षे बांधकाम चालल्याची गोष्ट भिलशावरून उचलून महाकालाला चिकटली आहे, महाकालाच्या मंदिराची तुलना सोमनाथाशी आली आहे, आणि मूर्ती दिल्लीच्या मोठ्या मशिदीच्या दाराशी फोडल्या अशी पुस्ती जोडली आहे. मिन्हाज एवढेच म्हणतो की त्या दिल्लीस नेल्या. पावणेचारशे वर्षांत साक्ष कशी फुगते याचा हा नमुना आहे. आपण सांगताना मूळ साक्षीदारापाशी थांबावे. कारण जे निश्चित घडले ते पुरेसे मोठे आहे, त्यास उसन्या रंगाची गरज नाही.

अल्तमशने हे का केले, या प्रश्नावर दोन टोकांची उत्तरे दिली जातात. तो केवळ धर्मवेडा होता, असे एक. तो न्यायी राजा होता, त्याचा धर्माशी संबंध नव्हता, लूट हवी होती, असे दुसरे. पुरावा दोहोंपैकी एकाच्याही पदरात पूर्ण पडत नाही. याच सुलतानाच्या नाण्यांवर नागरी अक्षरांत 'सुरिताण श्री समसदिण' अशी मुद्रा आढळते, कारण बाजारातील सराफ व रयत ती लिपी वाचीत. चौदाव्या शतकातील बरनी सांगतो की काही उलेमांनी हिंदूंशी अत्यंत कठोर वागणूक ठेवावी असा आग्रह धरला, तेव्हा वजिराने उत्तर दिले की मुसलमान येथे जेवणातल्या मिठाइतके आहेत, तेव्हा ते आता शक्य नाही. म्हणजे जेथे राज्य करावयाचे तेथे व्यवहार, आणि जेथे राज्य करावयाचे नाही तेथे मोडतोड, असा तो हिशेब होता. माळव्यात त्याला राज्य करावयाचे नव्हते. जयाची खूण आणि खजिना घेऊन परतावयाचे होते. राजाचे दैवत नेले की राजाचे तेज गेले, ही समजूतही त्यामागे होती. पण हिशेबाने केलेला विध्वंस धर्मवेडाने केलेल्या विध्वंसापेक्षा सौम्य ठरत नाही. ज्याचे देऊळ गेले त्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. राजाची न्यायप्रियता आणि राजाचा अपराध या एकाच माणसाच्या दोन गोष्टी असू शकतात. एकीच्या आड दुसरी लपवू नये.

आणि त्या स्वारीने साधले काय? सुलतान परत गेला, आणि ३० एप्रिल १२३६ च्या सुमारास दिल्लीस मरण पावला. माळव्यात परमारांचे राज्य चालूच राहिले. मांधात्यास सापडलेल्या १२७४ च्या परमार ताम्रपटात देवपालाने भिलशाजवळ म्लेंच्छांच्या एका अधिपतीस रणात मारल्याचे कोरलेले आहे. तीही दुसऱ्या पक्षाची साक्ष, तेव्हा तिचेही वजन तितकेच धरावे. याहून बोलका पुरावा तलवारीचा नसून विद्येचा आहे. अजमेरकडील मुलूख घोरीच्या हाती गेल्यावर पंडित आशाधर हा जैन विद्वान धारेस आला आणि धार व मांडू यांच्या मधल्या नालछ्यास राहिला. त्याने 'सागारधर्मामृत' या ग्रंथाची टीका विक्रम संवत् १२९६ मध्ये, आणि 'अनगारधर्मामृत' याची टीका संवत् १३०० मध्ये नालछ्याच्या नेमिनाथ मंदिरात पुरी केली. अर्थात इ. स. १२३९ व १२४३. उज्जैनीच्या विध्वंसानंतर चार व आठ वर्षांनी. ज्या प्रांताचे महाक्षेत्र नुकतेच पाडले गेले होते त्याच प्रांतातील एका गावी मंदिरात बसून एक म्हातारा पंडित ग्रंथावर टीका लिहीत होता. माळवा खऱ्या अर्थाने दिल्लीच्या हाती गेला तो पुढे सत्तर वर्षांनी, १३०५ साली, अलाउद्दीन खिलजीचा सेनापती ऐनुल्मुल्क मुलतानी याने मांडू घेतले तेव्हा. अल्तमशने स्वतःच्या राज्यासाठी मुक्तिपत्र जपले, खलिफाचे पत्र मिळविले. पण उज्जैनीस त्याच्यापाशी तलवारीवाचून दुसरा आधार नव्हता, आणि म्हणून तेथे त्याचे काही टिकले नाही.

तिरला आणि अमझेरा यांच्या परिसरातून माळव्यात शिरलेल्या मराठ्यांना हे तत्त्व कळले होते. १७२८ च्या जयाने मुलूख मोकळा झाला. धार व देवास येथे पवार, इंदुराकडे होळकर, उज्जैनीस राणोजी शिंदे असे सरदार स्थिरावले. तरी पेशव्यांची खटपट सनदेसाठी चालूच होती. भोपाळास कोंडीत सापडलेल्या निजामाने जानेवारी १७३८ मध्ये दुराईसराईच्या तहाने माळवा देववण्याचे वचन दिले, आणि प्रत्यक्ष बादशाही सनद आली ती १७४१ साली, बाळाजी बाजीरावाच्या नावे. मुलूख तेरा वर्षे वहिवाटीत असताही सनदेचा नाद त्यांनी सोडला नाही. त्यांच्या तलवारीने रयतेला सुखच दिले असे मुळीच म्हणावयाचे नाही. चौथाईचा जाच ज्यांनी सोसला त्यांची साक्षही ऐकली पाहिजे. पण ते परत जाण्यासाठी आले नव्हते, एवढे खरे.

याच वेळी राणोजी शिंद्यांचा दिवाण म्हणून उज्जैनीच्या कारभारात एक सारस्वत गृहस्थ होता: रामचंद्र मल्हार सुखटणकर, ज्यांस इतिहासात रामचंद्रबाबा शेणवी म्हणतात. आज आपण महाकालाचे जे मंदिर पाहतो त्याची उभारणी राणोजीच्या कारकिर्दीत, १७३४ च्या सुमारास, याच रामचंद्रबाबांच्या हातून झाली. देवालय पडल्यापासून सुमारे पाचशे वर्षे लोटली होती. इतक्या वर्षांत दिल्लीची अनेक घराणी आली आणि गेली, मांडूची सुलतानी आली आणि गेली. पण महाकालाचे स्थान लोकांच्या स्मरणातून आणि यात्रेतून पुसले गेले नव्हते. म्हणूनच नव्या मंदिरासाठी नवी जागा शोधावी लागली नाही.

आपल्या वाचकांना या गृहस्थाची दुसरी ओळख अधिक जवळची वाटेल. श्रीमंगेशाचे ते निष्ठावंत भक्त होते, आणि १७३९ साली त्यांच्याच सांगण्यावरून पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानास इनाम दिला. याच सुमारास शाहू छत्रपतींचे मंत्री नारोराम यांच्या प्रयत्नाने कवळ्यास श्रीशांतादुर्गेचे मंदिर उभे राहिले. मंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी. पोर्तुगिजांनी साष्टीतील देवळे पाडण्याचा सपाटा लावला तेव्हा १५६० साली भक्तांनी देवाला नदीपलीकडे अंत्रुज महालात, प्रियोळास आणले. येथे एक गोष्ट सांगितली नाही तर इतिहास अपुरा राहील. त्या वेळी फोंड्याकडील तो मुलूख विजापूरच्या आदिलशाहीच्या अंमलात होता, आणि त्या आदिलशाहीचा मूळ पुरुष यूसुफ हाही गुलाम म्हणून विकत घेतला गेलेला, आपली उत्पत्ती तुर्कांत सांगणारा लष्करी पुरुष होता. एका तुर्क सुलतानाने महाकालाचे मंदिर पाडले; तीनशे पंचवीस वर्षांनी, दुसऱ्या सुलतानी राज्याच्या हद्दीत मंगेशाला आसरा मिळाला, आणि पाडणारे होते ते ख्रिस्ती. धर्माच्या नावावरून सर्व अपराधांची सरळ वाटणी करू पाहणाऱ्याला इतिहास साथ देत नाही. अपराध ज्याचा त्याच्याच नावावर मांडावा, आणि उपकारही.

रामचंद्रबाबांनी उज्जैनीस दगड बसविले आणि मंगेशीस इनामपत्र मिळवून दिले. दोन्हींत अधिक दूरदृष्टीचे काम कोणते, असा प्रश्न केला तर वकिलाचे उत्तर ठरलेले असणार. १७६३ नंतर अंत्रुज महाल पोर्तुगिजांकडे गेला. नवे सरकार, नवी भाषा, नवे कायदे आले. पण ज्या देवस्थानांपाशी उत्पन्न होते, महाजनांची नोंद होती, हिशेब होते, ती देवस्थाने नव्या अंमलाखालीही उभी राहिली. पुढे १९३३ साली देवस्थानांच्या कारभाराचे नियम घालून दिले गेले, तेव्हा महाजन कोण, मालमत्ता कोणती, उत्सवाचा मान कोणाचा, हे प्रश्न कागदांवरूनच सुटू शकत होते. कुशस्थळीहून देव आणणाऱ्यांनी धैर्य दाखविले. त्यानंतरच्या पिढ्यांनी दप्तर ठेवले. पहिल्या गोष्टीचे स्मरण आपण दर उत्सवात करतो. दुसरीचे स्मरण फारसे कोणी करीत नाही.

म्हणून समाजातील जाणत्या मंडळींस एवढीच विनंती आहे. आपल्या कुलदेवतेच्या देवळात, जुन्या कारभाऱ्यांच्या घरी, माळ्यावरच्या पेटीत जे कागद पडून आहेत ते वाळवीच्या आधीन होण्यापूर्वी एकदा उघडून पाहावेत. मोडीतील असतील तर वाचून घ्यावेत, पोर्तुगीज भाषेतील असतील तर त्यांचा तर्जुमा करवावा, प्रती काढाव्यात, आणि मूळ कागद कोणाकडे आहे याची नोंद देवस्थानाच्या वहीत करावी. त्यांत कदाचित आपल्या अभिमानाला रुचेल असे निघेल, कदाचित न रुचणारेही निघेल. एखादा मान आपल्या घराण्याचा नव्हेच असेही आढळेल. तेही जपावे. अमझेऱ्याच्या पत्रांनी तिरल्याची कथा खाली बसवली, तेव्हा मराठ्यांचा जय काही नाहीसा झाला नाही. तो केवळ आपल्या खऱ्या जागी व खऱ्या तिथीस जाऊन बसला. आपल्या देवळांच्या इतिहासासही हेच व्हावे. ज्या सुलतानाने महाकालाची शिळा उचलून नेली त्यानेही आपला कागद बसल्या गालिच्याखाली जपून ठेवला होता. मग ज्यांची देवस्थाने अशा सुलतानांच्या आणि फिरंग्यांच्या नंतरही टिकली त्यांनी आपले कागद वाळवीस देऊ नयेत.